उमरेडच्या हवामानात गडद पानांच्या रबर वृक्षाचे घरातील संगोपन

प्रस्तावना

गेल्या काही वर्षांत घराच्या दिवाणखान्यात शोभिवंत पर्णवनस्पती ठेवण्याची प्रथा लहान शहरांतही रूढ झाली आहे. नागपूर जिल्ह्यातील उमरेड हे शहरही त्यास अपवाद नाही. रोपवाटिकेतून आणलेल्या या वनस्पतींमध्ये काळसर-तांबूस, चकचकीत पानांचा रबर वृक्ष विशेष लोकप्रिय आहे. ‘बर्गंडी’ आणि ‘ब्लॅक प्रिन्स’ ही त्याच्या गडद जातींची परिचित नावे होत. मात्र हिवाळ्यात दिमाखाने वाढणारे हे रोप पहिल्याच उन्हाळ्यात पाने गाळते आणि ‘आपल्याकडच्या उन्हात ते टिकत नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष बहुतांशी चुकीचा आहे. रोप उन्हाने क्वचितच मरते. त्याच्या मृत्यूचे कारण बहुधा घराच्या आत असते.

वनस्पतीचा परिचय

फायकस इलास्टिका हे शास्त्रीय नाव असलेला हा वृक्ष वड, पिंपळ व उंबर यांच्याच कुळातील आहे. तो परदेशी असल्याचा समज प्रचलित असला, तरी ईशान्य भारत हे त्याच्या मूळ प्रदेशांपैकी एक होय. कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे प्रमुख विल्यम रॉक्सबर्ग यांना १८१० साली सिल्हेटहून मधाने भरलेली एक टोपली मिळाली. विणलेली असूनही ती गळत नव्हती, कारण तिला आतून एका डोंगरी वृक्षाच्या चिकाचा लेप दिलेला होता. हा वृक्ष म्हणजेच आजचे दिवाणखान्यातील रोप. पुढे ब्राझीलमधील हेविया वृक्षाच्या रबराने बाजारपेठ काबीज केली आणि या वृक्षाचे व्यापारी महत्त्व संपले. मेघालयात खासी व जैंतिया लोकांनी त्याच्या हवाई मुळांना वळण देऊन ओढ्यांवर उभारलेले जिवंत पूल मात्र आजही वापरात आहेत.

वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना या झाडाचे पान प्रयोगशाळेतून परिचित असते. पानाच्या वरच्या बाजूची अपित्वचा अनेक थरांची असून तिच्यातील मोठ्या पेशींमध्ये कॅल्शियम कार्बोनेटचे द्राक्षांच्या घडासारखे लोंबते खडे दिसतात. बाष्पविसर्जन करणारी रंध्रे खालच्या बाजूस असतात. जाड वरची त्वचा आणि खाली दडलेली रंध्रे या रचनेमुळे हे पान पाण्याचा ऱ्हास बऱ्याच प्रमाणात रोखू शकते. पानांचा गडद रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे येतो. हरितद्रव्य त्याखाली असतेच. परंतु हा रंग टिकण्यासाठी पुरेसा प्रकाश आवश्यक असतो. अंधाऱ्या कोपऱ्यात नवी पाने हिरवट, लहान व विरळ येऊ लागतात. काळे पान म्हणजे सावलीतले पान, ही समजूत म्हणूनच फसवी आहे.

उन्हाळा, कूलर आणि पाणी

उमरेड परिसरात मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत जाते व दुपारची हवा अत्यंत कोरडी असते. अशा वेळी घरातील व्यवस्था बदलते. मार्चअखेर खिडकीत कूलर बसतो, उरलेल्या खिडक्यांवर जाड पडदे येतात, दारे दिवसभर बंद राहतात. हिवाळ्यात ज्या खिडकीपाशी कुंडी होती तीच खिडकी बहुधा कूलरने अडवली जाते. म्हणजे बाहेर ऊन वाढत असताना घरातील रोपाला मिळणारा प्रकाश कमी होतो. प्रकाश कमी झाला की प्रकाशसंश्लेषण मंदावते आणि मुळांकडून होणारे पाण्याचे शोषणही घटते. गृहस्थ मात्र ‘उन्हाळा आहे’ म्हणून रोज पाणी घालतात. कूलरच्या दमट हवेत कुंडीतील माती सुकत नाही, मुळांना प्राणवायू मिळत नाही व ती कुजतात. खालची पाने पिवळी पडून गळू लागली की रोप तहानलेले आहे असे समजून आणखी पाणी दिले जाते. या दुष्टचक्रातच बहुतेक रोपे दगावतात.

यावरील उपाय साधा आहे. बोट मातीत दोन इंच खोल घालून पाहावे. तेथपर्यंत माती कोरडी असेल तरच पाणी द्यावे आणि ते कुंडीच्या तळातून बाहेर येईपर्यंत द्यावे. बशीत साचलेले पाणी ओतून टाकावे. कूलर बसण्यापूर्वीच कुंडीसाठी पूर्वेकडील दुसरी खिडकी निवडणे इष्ट. पश्चिमेच्या खिडकीतील दुपारचे थेट ऊन मात्र पाने करपवते. कूलर स्वतः वैरी नव्हे. त्यामुळे खोलीतील आर्द्रता वाढते व ती या वर्षावनातील वृक्षाला मानवते. केवळ वाऱ्याचा झोत सरळ पानांवर नसावा.

कूलरच्या टाकीतील उरलेले पाणी वाया जाऊ नये म्हणून कुंड्यांना घालण्याची घरगुती काटकसर येथे नडते. बोअरवेलचे पाणी आधीच जड असते. कूलरमध्ये त्यातील पाण्याची वाफ होते आणि क्षार मागे राहतात. टाकीच्या कडेला जमणारा पांढरा थर त्याचीच साक्ष होय. असे क्षार मातीत साठले की पानांच्या कडा तपकिरी होऊन वाळतात. पावसाळा सुरू झाल्यावर कुंडी काही दिवस छपराच्या कडेला, सावलीत परंतु पावसात ठेवल्यास मृदू पाण्याने हे क्षार धुऊन निघतात.

माती व धूळ

विदर्भातील काळी माती कापसाला उत्तम असली तरी कुंडीस अयोग्य आहे. ती ओली झाल्यावर फुगून हवा कोंडते आणि सुकल्यावर आकसून भेगा पडतात. मग घातलेले पाणी कुंडीच्या कडेने सरळ निघून जाते. पोयटा, जाड वाळू, नारळाचा भुसा व चांगले कुजलेले शेणखत यांचे भुसभुशीत मिश्रण वापरावे.

उमरेड परिसरात वेस्टर्न कोलफील्ड्सच्या उघड्या कोळसा खाणी आहेत. धुळीचा थर गडद पानावर चटकन दिसत नाही, तथापि तो प्रकाश अडवतोच. आठवड्यातून एकदा ओल्या मऊ फडक्याने पाने दोन्ही बाजूंनी पुसावीत. चमक येण्यासाठी खोबरेल तेल लावू नये. त्यावर धूळ अधिक चिकटते आणि रंध्रे बुजतात. पुसताना खवले कीड, पिठ्या ढेकूण वा लाल कोळी वेळीच नजरेस पडतात, हा आणखी एक लाभ.

हे रोप हवा शुद्ध करते, या प्रचाराची चिकित्साही आवश्यक आहे. नासाच्या १९८९ च्या प्रयोगांत बंदिस्त लहान कक्षांमध्ये काही घरगुती वनस्पतींनी विषारी वायू कमी केल्याचे आढळले होते. परंतु २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या कमिंग्ज व वेअरिंग यांच्या आढाव्यानुसार, खिडक्या-दारांतून होणाऱ्या हवापालटाची बरोबरी करण्यासाठी प्रत्येक चौरस मीटर जागेत १० ते १००० रोपे लागतील. ज्या घरात दम्याचा रुग्ण आहे, तेथे एका कुंडीवर विसंबून धुळीपासूनच्या अन्य बचावाकडे दुर्लक्ष करणे धोक्याचे ठरेल.

छाटणी व अभिवृद्धी

छाटल्यावर येणारा पांढरा चीक त्वचेला दाह करतो, पोटात गेल्यासही अपायकारक असतो. लहान मुले व पाळीव प्राणी यांच्यापासून रोप दूर ठेवावे. हिवाळ्यात वाढ मंदावते. त्या काळात खत देऊ नये, पाणीही कमी करावे. अभिवृद्धीसाठी पावसाळ्यातील गुटी कलम सर्वांत खात्रीचे. फांदीची साल सुमारे एक इंच गोलाकार काढून, चीक पुसून, त्याभोवती ओले शेवाळ प्लॅस्टिकने बांधल्यास साधारण दोन महिन्यांत मुळ्या फुटतात.

छताला टेकलेले जुने रोप अंगणात लावण्याचा मोह मात्र टाळावा. जमिनीत हा मोठा वृक्ष होतो आणि मेघालयात ओढ्यावर पूल पेलणारी तीच मुळे येथे घराचा पाया व सांडपाण्याची गटारे शोधत जातात. त्याऐवजी दर दोन-तीन वर्षांनी मुळे थोडी छाटून तीच कुंडी नव्या मातीने भरावी.