सव्वा प्रहराचे गाणे



आमच्या कपाटात चार जाड वह्या आहेत. 1981 पासून आम्ही समोर बसून जे जे गाणे ऐकले, त्याची नोंद त्यांत आहे. आम्ही म्हणजे मी आणि सौ.; लिहिणारा हात माझा असला तरी आठवणी दोघांच्या. तारीख, ठिकाण, कलावंत आणि राग हे रकाने बँकेतल्या नोकरीच्या सवयीने पडले. ‘किती वाजता’ हा पाचवा रकाना सौ.च्या आग्रहाने आला. त्या वेळी आम्हाला तो जादा वाटला होता. आज हा लेख त्या रकान्यामुळेच लिहीत आहोत.

गेल्या दिवाळीत नात आली होती. ती तीन वर्षे गाणे शिकते. संगीताच्या परीक्षेत ‘भैरव कोणत्या वेळी गातात?’ या प्रश्नाला तिने ‘प्रातःकाळी’ असे उत्तर लिहून पूर्ण गुण मिळवले. आम्ही सहज विचारले, “सकाळी कोणाचा ऐकलास?” ती म्हणाली, “आजोबा, सकाळी कुठे कार्यक्रम असतात?”

त्या रात्री आम्ही वह्या काढल्या आणि वेळेच्या रकान्यावरून बोट फिरवत बसलो. पहिल्या वहीत रात्री दीड, पहाटे चार, सकाळी साडेसात अशा वेळा सर्रास आहेत. चौथ्या वहीत सगळ्या नोंदी साडेसहा ते दहाच्या आत. यमन, भूप, पूरिया, बागेश्री पुन्हा पुन्हा येतात, पण ललत त्या वहीत एकदाही नाही. दिवसरात्रीचे प्रहर आठ, प्रत्येकी तीन तासांचे. हिशेब केला तर आपण सध्या जेमतेम सव्वा प्रहराचे गाणे ऐकतो.

पहिल्या वहीतली एक नोंद सांगतो. तानसेन समारोहाची रात्र, हजीऱ्याजवळचा तो परिसर. मोहम्मद गौस यांच्या भव्य मकबऱ्याशेजारी तानसेनाची साधीशी समाधी आणि जवळ ते चिंचेचे झाड. आम्ही लष्करातून स्कूटरवर गेलो होतो. कानटोपी, दोन शाली, थर्मास असा सगळा सरंजाम होता. मध्यरात्रीनंतर गर्दी ओसरली. सतरंजी दवाने ओलसर झाली, लोक सरकत सरकत पुढे आले. पहाटे एका बुजुर्ग गायकांनी ललत सुरू केला. ललतात पंचम नाही आणि दोन्ही मध्यम लागतात, एवढे आम्हाला पुस्तकातून माहीत होते. पण अंधार सरतो आहे, उजेड अजून आलेला नाही, अशा घटकेला ते दोन मध्यम एकापाठोपाठ लागले, तेव्हा पुस्तकातले वाक्य प्रथमच कळले. सौ.ने आमचा हात दाबला. बोललो कोणीच नाही.

त्या काळी बँकांचे हिशेबाचे वर्ष डिसेंबरअखेर संपत असे. ते मार्चअखेर झाले 1989 पासून. त्यामुळे समारोह नेमका क्लोजिंगच्या धामधुमीत यायचा. त्या दिवशी लाल डोळ्यांनी लेजर लिहिले आणि 63 च्या जागी 36 पडले. बॅलन्स जुळेना. साहेबांनी फरक पाहिला, 27 रुपये, आणि म्हणाले, “नऊने भाग जातो, आकडे उलटे पडलेत. रात्री कुठे होतात?” आम्ही खरे ते सांगितले. “मग काय गायले?” असे त्यांनी विचारले, तेव्हा जीव भांड्यात पडला.

आता तरुण मंडळींसाठी थोडे समजावून सांगतो. रागाची वेळ ही नुसती परंपरा म्हणून मानायची गोष्ट नाही, तिच्यात एक रचना आहे. पं. विष्णु नारायण भातखंडे यांनी ती नीट मांडली. त्यांचे आपल्या गावावर ऋण आहे. 1918 साली महाराज माधवराव शिंदे यांच्या आश्रयाने त्यांनी इथे संगीत विद्यालय उभे केले. त्यांच्या मांडणीप्रमाणे सूर्योदय आणि सूर्यास्त या दोन्ही सांध्यांना कोमल रिषभाचे राग येतात, त्यांना संधिप्रकाश राग म्हणतात. सकाळच्या सांध्याला शुद्ध मध्यमाचे वजन असते, जसे भैरवात. संध्याकाळच्या सांध्याला तीव्र मध्यमाचे, जसे पूरियात. अपवाद आहेतच. तोडीत तीव्र मध्यम असूनही ती सकाळचीच.

याहून सोपे उदाहरण भूप आणि देशकाराचे. दोघांचे सूर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. पण भूपाचा वादी गंधार, त्याचे वजन सप्तकाच्या खालच्या अर्ध्या भागात, आणि वेळ संध्याकाळची. देशकाराचा वादी धैवत, त्याची ओढ वरच्या षड्जाकडे, आणि वेळ सकाळची. दिवस कलताना गाणे खाली स्थिरावते, दिवस चढताना वर झेपावते. आपल्या मुलांनी भूप पुष्कळ ऐकला आहे. देशकार ऐकल्याशिवाय त्यांना भूपही पुरता कळणार नाही, असे आमचे मत आहे. जमेची बाजूच वाचली तर खाते कसे कळावे?

हे प्रहर आपल्या हातून गेले कसे? एक कारण सर्वांना ठाऊक आहे. 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री 10 ते सकाळी 6 ध्वनिवर्धक बंद झाले, आणि 2005 साली सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. सणासमारंभासाठी वर्षातून 15 दिवसांपर्यंत रात्री 12 ची सवलत राज्य सरकारे देऊ शकतात, पण पहाट त्यात बसत नाही. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवालाही आपल्या रात्रभर चालणाऱ्या मैफिली सोडाव्या लागल्या. आम्ही नियमाला दोष देत नाही. शेजारच्या आजाऱ्याला झोप हवीच. पण दुसरे कारण आपल्याकडेच आहे. नियमाने रात्र मिटली, सकाळ नव्हे. समारोहाच्या सकाळच्या सभा आजही होतात आणि तिथे तोडी ऐकायला मिळते. आपण मात्र ‘संध्याकाळी बघू’ म्हणतो. आमच्या मंडळाच्या कार्यक्रमांची वेळही आम्हीच कार्यकारिणीत बसून साडेसहाची ठरवत आलो. हॉलचे भाडे, चौकीदार, ज्येष्ठांची सोय, सगळी कारणे खरी होती. तरी या हिशेबात आमचीही सही आहे.

कोणी म्हणेल, मोबाइलवर ललत केव्हाही ऐकता येतो. येतो, आणि आम्हीही ऐकतो. अवेळी ऐकल्याने राग काही कोपत नाही. पण रेकॉर्डिंगमध्ये सूर असतो, घटका नसते. समोर तंबोरे जुळताना पाहिले, गायकाने खिडकीतल्या उजेडाकडे पाहून आलाप जरा लांबवला, शेजारच्या अनोळखी माणसाची आणि आपली मान एकाच समेवर हलली, हे त्या जागी असल्याशिवाय मिळत नाही. ग्वाल्हेरच्या मराठी घरांत हे ऐकणे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. इथल्या गायकीची दीक्षा घेऊन बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर महाराष्ट्रात गेले, त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. गाणारे गावोगाव गेले, ऐकणारे मात्र इथेच राहिले. तो वारसा आपल्याकडे आहे, आणि तो ऐकण्यानेच टिकतो.

म्हणून एक सूचना. येत्या फेब्रुवारीतल्या एका रविवारी मंडळाने पहाटेची बैठक करावी. सहाला सुरुवात, साडेआठला समाप्ती. ध्वनिवर्धक अजिबात नको. आपल्या लहान दालनात साठ माणसे बसतात, तेवढ्यांना गळ्याचा आवाज पुरतो. गावातल्याच एखाद्या चांगल्या गायकाला बोलवावे, मानधन आधी पोहोचते करावे. ललत, भैरव, देशकार, आणि ऊन वर आल्यावर तोडी असा क्रम आम्ही सुचवू, अर्थात शेवटचा शब्द गायकाचा. नंतर गरम बेडई-जलेबी. पहिल्या वर्षीचा हा नाश्ता आमच्याकडून.

येणाऱ्यांना तीनच विनंत्या. तंबोरे जुळायच्या आधी येऊन बसावे, कारण कान तिथेच लागतो. फोन घरी ठेवावा किंवा बंद करावा. आणि दोन रागांच्या मध्ये अभंगाची फर्माईश करू नये. अभंगाला संध्याकाळ आहेच. लहान मुलांना जरूर आणावे. झोप आली तर सतरंजीवर झोपू द्यावे. आमचा मुलगा तसाच झोपला होता, आणि आज भैरव लागला की तो काम थांबवतो.

ज्यांना यायचे असेल त्यांनी आपली नावे मंडळाच्या कार्यालयात द्यावीत. चौथ्या वहीत अजून बरीच पाने कोरी आहेत. नातीचे तिकीट आम्ही तारीख ठरताच काढणार आहोत, आणि त्या दिवशीची नोंद तिच्या हातून लिहवून घेणार आहोत: तारीख, ठिकाण, कलावंत, राग, आणि किती वाजता.