काचेच्या कपाटातील बुरशी

जुनी, दुर्मीळ पुस्तके विद्यार्थ्यांना पाहता यावीत म्हणून काही शाळा ती काचेच्या कपाटात मांडून ठेवतात. धुळीपासून त्यांचे रक्षण होते. पण कोकणातल्या जांभ्या दगडाच्या जुन्या इमारतीत पावसाळा सरता सरता कपाटाला कुबट वास येतो आणि पुस्तकांवर करडे-हिरवे ठिपके दिसू लागतात. बंद कपाटात बुरशी शिरते कशी?

खरे तर ती बाहेरून शिरावी लागतच नाही. बुरशीचे बीजाणू आधीपासूनच पुस्तकांवर असतात. अन्नही तयार असते : कागदातील सेल्युलोज, बांधणीतील खळ आणि सरस. उणीव असते ती फक्त ओलाव्याची. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर बीजाणू सहसा रुजत नाहीत. ती बरेच दिवस ७० टक्क्यांच्या वर राहिली की धोका वाढतो.

आता एक साधे गणित पाहू. ३० अंश सेल्सिअस तापमानाची एक घनमीटर हवा जास्तीत जास्त सुमारे ३० ग्रॅम बाष्प सामावून घेते. २५ अंशांची हवा सुमारे २३ ग्रॅम. समजा, खोलीत ३० अंश तापमान व ७५ टक्के आर्द्रता आहे. म्हणजे बाष्प झाले साडेबावीस ग्रॅम. हीच हवा भिंतीला टेकलेल्या कपाटात २५ अंशांपर्यंत थंड झाली, तर तिची आर्द्रता ९८ टक्के होते! बाष्प तेवढेच, पण मागच्या फळीलगतचे पुस्तक मात्र ओल धरते. शिवाय जमिनीतले पाणी केशाकर्षणाने जुन्या भिंतीत चढत असते ते वेगळेच. दिवसा वातानुकूलन चालवून रात्री बंद केले, तरी थंड पुस्तकांवर असाच परिणाम होतो.

यावरून उपाय सुचतात. कपाट बाहेरच्या भिंतीपासून वीतभर दूर आणि जमिनीपासून उंच ठेवावे. पुस्तके दाटीने रचू नयेत. पंख्याने हवा खेळती ठेवावी. मात्र पावसाळी दिवसांत खिडक्या उघडून बाहेरचा दमटपणा आत घेऊ नये. सिलिका जेल हवाबंद कपाटातच उपयोगी पडते, आणि तेही वेळोवेळी तापवून कोरडे करावे लागते. डांबराच्या गोळ्यांवर बुरशीसाठी भरवसा ठेवू नये.

बुरशी दिसलीच तर पुस्तक वेगळे काढून सावलीत, वाऱ्यावर पूर्ण सुकवावे. कडक उन्हाने कागद ठिसूळ होतो. मगच नाकातोंडावर मास्क लावून, इमारतीबाहेर, मऊ ब्रशने ती झटकावी. हे काम मुलांना, विशेषतः दमा असणाऱ्यांना, देऊ नये.

मुलांसाठी दुसरे काम आहे. दोन तापमापक घ्या. एकाच्या फुग्याला ओले सुती कापड गुंडाळा व दोन्ही पंख्याच्या वाऱ्यात धरा. कोरडा तापमापक २८ अंश दाखवीत असताना दोहोंतील फरक ५ अंशांहून कमी असेल, तर आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर आहे. जून ते ऑक्टोबर रोज अशी नोंद ठेवली, तर ठिपके दिसण्यापूर्वीच सावध होता येईल. बुरशी पुसता येते. तिने खाल्लेला कागद आणि पाडलेले डाग मात्र कायमचे राहतात.