पडताळणी माणसांची झाली, इमारतींची कधी?

दिव्यांग प्रमाणपत्रांच्या पडताळणीची मोहीम आता वाचकांना नवी राहिलेली नाही. प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकारी पूजा खेडकर यांच्या दिव्यांग दाखल्यावरून २०२४ मध्ये उठलेल्या वादाने या विषयाला तोंड फुटले. २०२५ मध्ये तुकाराम मुंढे दिव्यांग कल्याण विभागाचे सचिव झाले आणि मोहिमेने वेग घेतला. जिल्हा परिषदांमधल्या निलंबनाच्या बातम्या मग जिल्हावार येऊ लागल्या. बदलीत सूट मिळावी, सोयीची शाळा मिळावी म्हणून काढलेले दाखले आता फेरतपासणीच्या टेबलावर आहेत.

मोहीम हवीच होती. चार टक्के आरक्षणातली एक जागा खोट्या दाखल्यावर गेली, की ब्रेलमध्ये किंवा लेखनिकाच्या मदतीने परीक्षा दिलेला कुणीतरी खरा उमेदवार घरी बसतो. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम ९१ मध्ये अशा फसवणुकीला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. हे कलम वर्षानुवर्षे पुस्तकात पडून होते. ते बाहेर निघाले हे उत्तमच झाले.

पण त्याच पुस्तकात आणखी एका पडताळणीचा हुकूम आहे आणि तिच्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. ती आहे इमारतींची. कलम ४४ सांगते की सुगम्यतेचे नियम न पाळणाऱ्या आराखड्याला बांधकाम परवानगी देऊ नये आणि नियम न पाळता उभ्या राहिलेल्या इमारतीला पूर्णत्वाचा दाखला देऊ नये. कलम ४५ जुन्या इमारतींसाठी आहे. सार्वजनिक वापराच्या सगळ्या जुन्या इमारती नियम निघाल्यापासून पाच वर्षांत सुगम्य करायच्या होत्या. नियम निघाले जून २०१७ मध्ये. म्हणजे मुदत संपली जून २०२२ मध्ये. त्यानंतर तुमच्या तालुक्यातली तहसील कचेरी, दुय्यम निबंधकांचे कार्यालय, जुने पोस्ट ऑफिस, जिल्हा बँकेची शाखा यांच्यापैकी कुणाला नोटीस गेली? कुणाचा दाखला फेरतपासणीला आला?

माणसाची तपासणी मात्र संपत नाही. आधी पोर्टलवर अर्ज. मग जिल्हा रुग्णालयात ठरलेल्या वारी बोर्डासमोर हजेरी, तिथे टक्केवारी. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार दिव्यांग ओळखपत्रांना रंगही आले आहेत. चाळीस टक्क्यांच्या आत पांढरे, चाळीस ते ऐंशीच्या आत पिवळे, ऐंशी आणि पुढे निळे. संजय गांधी निराधार योजनेचे पैसे हवे असतील तर कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न पन्नास हजारांच्या आत असल्याचा दाखला, आणि दरवर्षी हयातीचा दाखला. आधार, केवायसी, अंगठा. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या माणसाच्या बोटांचे ठसे कित्येकदा उमटत नाहीत. दृष्टिहीन व्यक्तीला मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर डोळ्यांची उघडझाप करून दाखवायला सांगितले जायचे. या शेवटच्या प्रकाराला एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चाप लावला. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणे हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे ठरवून केवायसीच्या पद्धती बदलण्याचे आदेश न्यायालयाने दिले.

मोहिमेच्या काळात ज्यांचे अपंगत्व दिसत नाही त्यांचे हाल वेगळे. १९९५ च्या कायद्यात सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस आहेत. त्यांत थॅलेसेमिया आहे, हिमोफिलिया आहे, पार्किन्सन्स, मल्टिपल स्क्लेरोसिस, मानसिक आजार आहे. अशा माणसाकडे शेजारच्या टेबलावरचा सहकारी आता संशयाने पाहतो: चालताना तर नीट चालतो! खोटे दाखले शोधताना खऱ्यांच्या मानेवर असे ओझे ठेवले जाते आणि त्याची कुठल्याच अहवालात नोंद होत नाही.

इमारतींच्या प्रश्नावर या देशात कुणी नीट विचार केला असेल तर तो हैदराबादच्या नालसार विधी विद्यापीठातल्या प्रा. अमिता धांडा यांनी, असे माझे मत आहे. मनोरुग्णांचे कायदेशीर हक्क हा त्यांचा मूळ विषय. संयुक्त राष्ट्रांचा २००६ चा दिव्यांग हक्क करार आकाराला येत होता तेव्हाच्या चर्चांत त्या होत्या. भारताने या करारावर २००७ मध्ये शिक्कामोर्तब केले आणि आपला २०१६ चा कायदा त्यातूनच आला.

धांडा यांचे नाव इथे येते ते राजीव रतुरी खटल्यामुळे. रतुरी हे दृष्टिहीन कार्यकर्ते. रस्ते, वाहतूक आणि सार्वजनिक जागा दृष्टिहीनांना वापरता याव्यात म्हणून त्यांनी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २०१७ मध्ये न्यायालयाने मुदती घालून निर्देश दिले. मुदती टळत गेल्या. २०२३ मध्ये न्यायालयाने नालसारच्या दिव्यांग अभ्यास केंद्राला सांगितले, की जमिनीवर काय आहे ते पाहा आणि पुढे काय करायचे ते सुचवा. धांडा यांच्या नेतृत्वाखाली अहवाल तयार झाला आणि त्याने दुखण्याचे मूळ नियमांतच दाखवले. कायदा म्हणतो ‘करावेच लागेल’. नियम १५ मात्र वेगवेगळ्या खात्यांच्या मार्गदर्शक सूचनांकडे बोट दाखवतो, आणि त्या सूचनांची भाषा बहुतेक ठिकाणी ‘करता आले तर करावे’ अशी आहे. कायद्याने दिलेले नियमांनी काढून घेतले होते.

सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांनी ८ नोव्हेंबर २०२४ रोजी, कामकाजाच्या आपल्या शेवटच्या दिवशी, हे म्हणणे मान्य करून नियम १५ कायद्याशी विसंगत ठरवला. किमान अटी सक्तीच्या, मोजता येण्याजोग्या आणि मोडल्यास दंड होईल अशा असाव्यात, आणि तसे नियम केंद्राने तीन महिन्यांत करावेत, असा आदेश झाला. ते तीन महिने केव्हाच उलटले.

या सगळ्या मांडणीतला एक भेद मला फार मोलाचा वाटतो. अडचण आलेल्या एका माणसाने मागितल्यावर त्याच्यापुरती केलेली सोय ही एक गोष्ट, आणि कुणी मागण्याआधी सगळ्यांसाठी करून ठेवलेली व्यवस्था ही दुसरी. आपल्याकडची कार्यालये पहिलीवर भागवतात. साहेब खाली येऊन सही घेतील, शिपाई उचलून नेतील, तुमचे काम मी करून देतो, तुम्ही कशाला त्रास घेता. यात माणुसकी असतेही. पण साहेब रजेवर असले की काम अडते. सुगम्यता ही कुणी यायच्या आधीच द्यायची असते. आजवर एकही चाकाची खुर्ची दारात आली नाही, हे रॅम्प नसण्याचे समर्थन होऊ शकत नाही. रॅम्प नाही म्हणूनच ती आली नसेल.

ऑक्टोबर २०२३ मधली खारच्या विवाह नोंदणी कार्यालयातली घटना आठवा. दिव्यांग हक्क कार्यकर्त्या विराली मोदी चाकाची खुर्ची वापरतात. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, अधिकारी खाली यायला तयार नाहीत. स्वतःच्या लग्नासाठी त्यांना उचलून वर न्यावे लागले. बातमी गाजली, तेव्हाचे उपमुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर दिलगिरी व्यक्त केली. दिलगिरी मनापासूनची असेलही. पण राज्यात लोकांचा राबता असलेली आणखी किती कार्यालये लिफ्टविना वरच्या मजल्यावर आहेत, याची यादी जाहीर झालेली माझ्या पाहण्यात नाही. त्याच वर्षी मुंबईच्या पदपथांवरचे खांब उच्च न्यायालयात पोहोचले. दुचाक्या चढू नयेत म्हणून बसवलेले हे खांब इतके जवळजवळ होते, की त्यांच्यामधून चाकाची खुर्ची जात नव्हती. एका खुर्ची वापरणाऱ्या नागरिकाच्या ई-मेलची न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. खांब बसवण्याआधी महापालिकेने एक खुर्ची त्यांतून ढकलून पाहिली असती तर कोर्टाची पायरी चढावी लागली नसती.

रॅम्पचे गणितही अवघड नाही. उंची एक फूट तर लांबी किमान बारा फूट. जोते दोन फुटांचे असेल तर उतार चोवीस फुटांचा. दोन्ही बाजूंना कठडा, वर आणि खाली खुर्ची वळेल एवढी सपाट जागा. इतकेच. आपल्याकडे दोन फुटांच्या जोत्याला सहा फुटांचा उतार काढून, त्यावर चकचकीत फरशी बसवून, बिल मंजूर होते. अशा उतारावरून खुर्ची चढत नाही, आणि उतरताना हातातून सुटते. काही ठिकाणी रॅम्प बरोबर असतो, पण त्याच्या तोंडाशी साहेबांची मोटारसायकल लावलेली असते. गावातल्या जिल्हा परिषद शाळेत मतदान केंद्र येते तेव्हा मात्र निवडणूक आयोगाच्या आदेशाने रॅम्पची, खुर्चीची, मदतनिसाची सोय होते. मतदानादिवशी जे जमते ते उरलेल्या दिवशी का जमू नये, याचे उत्तर मला आजवर कुठल्याही अधिकाऱ्याकडून मिळालेले नाही.

जे जमवतात त्यांचे काम पाहायचे तर कोल्हापूरला जावे. नसीमा हुरजूक यांचे ‘चाकाची खुर्ची’ हे आत्मकथन अनेकांनी वाचलेले असेल. ऐन तारुण्याच्या उंबरठ्यावर कमरेखालचे शरीर लुळे पडले. त्यानंतर त्यांनी सरकारी नोकरी केली आणि १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही संस्था उभी केली. वसतिगृह, शाळा, सिंधुदुर्गातला काजू प्रक्रियेचा प्रकल्प असा तिचा पसारा आहे. तिचे मोठेपण मला वेगळ्याच गोष्टीत दिसते. तिथल्या भिंती, दारे, ओटे, न्हाणीघरे कशी असावीत हे ती वापरणाऱ्यांनी ठरवले. दाराची रुंदी कमी पडली की काय होते, हे खुर्चीत बसून सोसलेल्या माणसाला नकाशावरच कळते. सरकारी इमारतीच्या नकाशावर सही होण्याआधी अशा एका माणसाला बोलावण्याची पद्धत सार्वजनिक बांधकाम खात्याने पाडली, तर पुढचा तोडफोडीचा खर्चसुद्धा वाचेल.

आता पैशांचे. ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत प्रत्येक स्थानिक संस्थेने आपल्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी राखायचे आहेत. पूर्वी हे प्रमाण तीन टक्के होते. बऱ्याच गावांत मार्चअखेरीला हा निधी थोड्याथोड्या रकमेने वाटून टाकतात, काही ठिकाणी तो खर्चच होत नाही. ‘वाटण्याऐवजी यातून रॅम्प बांधा’ असा सल्ला काही अधिकारी देतात. मला तो अजिबात मान्य नाही. राज्यातल्या दिव्यांग लाभार्थ्यांचे मासिक अनुदान २०२५ मध्ये दीड हजारांवरून अडीच हजार झाले, तेही दिव्यांगांच्या प्रश्नांवर आंदोलने करणाऱ्या बच्चू कडूंनी अमरावती जिल्ह्यातल्या मोझरीत सहा हजारांच्या मागणीसाठी उपोषण केले त्या वर्षी. अडीच हजारांत महिना काढणाऱ्याच्या वाट्यातून ग्रामपंचायतीने स्वतःच्या दाराची दुरुस्ती का करावी? इमारत सुगम्य करणे ही मालकाची कायदेशीर जबाबदारी आहे आणि तिचा खर्च रस्ते-गटारांच्या खर्चाप्रमाणे सर्वसाधारण अंदाजपत्रकातूनच व्हायला हवा. पाच टक्के हे माणसांचे आहेत.

एसटीच्या सवलतीचेही असेच. दिव्यांग प्रवाशाला तिकिटात पंचाहत्तर टक्के सूट आहे, ती खरीखुरी मिळतेही. पण बसची पहिली पायरी जमिनीपासून एवढी उंच, की काठीवर किंवा कुबड्यांवर चालणाऱ्याला दोघांनी धरून वर चढवावे लागते. भाड्यात सूट देणे सोपे आहे, त्याला फक्त परिपत्रक लागते. पायरी खाली आणायला बस बदलावी लागते.

दिव्यांग कल्याणासाठी महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र खाते काढले. गोव्याने त्याच्या पुढच्याच महिन्यात पणजीत दिव्यांगांचा पहिला पर्पल फेस्ट हा उत्सव भरवला. उत्सवाबद्दल मी सुरुवातीला साशंक होतो. पण देशभरातले हजारो दिव्यांग एका शहरात एकाच वेळी आले, की हॉटेल, बस, समुद्रकिनारा सगळ्यांचीच परीक्षा होते, आणि ती आठ कागद भरून होणाऱ्या परीक्षेपेक्षा खरी असते.

महाराष्ट्राच्या खात्याला २०२५ मध्ये धडाडीचा सचिव मिळाला आणि लोकांचे लक्षही खात्याकडे वळले. दाखल्यांच्या मोहिमेसाठी जिल्हा परिषदांना जशी मुदत, नमुना आणि जबाबदार अधिकारी ठरवून दिला, तसाच आदेश इमारतींसाठी काढता येईल. जोत्याची उंची, उताराची लांबी, दाराची रुंदी, शौचालय वापरता येते की नाही, असे चार रकाने पुरेत. भरायला ग्रामपंचायत अधिकाऱ्याला अर्धा दिवस लागेल.

सरकार करेपर्यंत थांबायची गरज नाही. कलम ४५ मध्येच असे आहे, की प्राथमिक आरोग्य केंद्रे, जिल्हा रुग्णालये, शाळा, रेल्वे स्थानके आणि बस थांबे यांच्यासाठी शासनाने व स्थानिक संस्थांनी प्राधान्यक्रम लावून कृती आराखडा तयार करायचा आणि प्रसिद्ध करायचा. आपल्या नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा हा आराखडा कुठे आहे, हे माहितीच्या अधिकारात दहा रुपयांत विचारता येते. पाच टक्के निधीचा तीन वर्षांचा हिशेबही वेगळ्या अर्जात मागावा. येत्या ग्रामसभेत हे दोन्ही विषय लेखी द्यावेत, म्हणजे इतिवृत्तात येतील. उत्तर टाळले तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार करता येते. साक्षीदाराला बोलावणे, कागदपत्रे मागवणे याबाबत राज्य आयुक्तांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. आणि वकील परवडत नाही म्हणून मागे राहू नये. विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार दिव्यांग व्यक्तीला उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठीचा अर्ज आपल्याच जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात द्यायचा असतो. ते कार्यालय तळमजल्यावर नसेल, तर तक्रारीतला पहिला मुद्दा तोच घ्यावा.