महानगरातील परदेशी विद्यार्थ्याचे स्थिरावणे : भायखळ्याचा इतिहास आणि महाविद्यालयाची जबाबदारी

प्रस्तावना

परदेशातून शिक्षणासाठी आलेल्या विद्यार्थ्याचा विचार महाविद्यालयांत बहुधा प्रवेशप्रक्रियेच्या अंगानेच होतो. पात्रता प्रमाणपत्र, शुल्क व व्हिसा यांची पूर्तता झाली की कार्यालयाच्या दृष्टीने काम संपते. विद्यार्थ्याच्या दृष्टीने मात्र ते तेथूनच सुरू होते. अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार २०२१-२२ या वर्षी भारतात ४६,८७८ परदेशी विद्यार्थी शिकत होते व त्यांपैकी सुमारे २८ टक्के नेपाळचे होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये परदेशी विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेत त्यांच्या स्वागतासाठी व साहाय्यासाठी स्वतंत्र कार्यालय असावे, असे म्हटले आहे. अशा कार्यालयाने नेमके काय करावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी भायखळ्याचे उदाहरण घेतले आहे. कारण बाहेरून आलेल्या माणसाचे बस्तान कसे बसते, याचा दीर्घ अनुभव या परिसराच्या गाठीशी आहे.

भायखळा : आगमनाचा परिसर

१८४५ साली स्थापन झालेले ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय व सर ज. जी. रुग्णालय यांमुळे भायखळा हा परिसर शिक्षणाशी पूर्वीपासून जोडलेला आहे. व्यापार व गिरणीकाम यांसाठीही माणसे येथे आली. १८३२ साली बगदादकडून मुंबईत आलेल्या डेव्हिड ससून यांनी १८६१ मध्ये भायखळ्यात मागेन डेव्हिड हे प्रार्थनास्थळ उभारले. पुढे त्याच्याच आवारात शाळाही चालली. परक्या शहरात आलेल्या एका लहानशा समाजाला एकत्र येण्याची व मुलांना शिकविण्याची हक्काची जागा त्यातून लाभली.

गिरणी कामगारांची व्यवस्था याहून साधी; पण तत्त्व तेच. कोकणातून वा घाटावरून आलेला तरुण गावकऱ्यांच्या गाळ्यात उतरे. एकाच खोलीत अनेक जण पाळीपाळीने झोपत. जेवण खानावळीत, पैसे पगार झाल्यावर. कोणत्या खात्यात बदली कामगार हवा आहे, मुकादमाशी कसे बोलावे, घरी पैसे कसे पाठवावेत, हे सारे गाळ्यातील जुने रहिवासी सांगत. या खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांना पतपुरवठा मिळावा म्हणून १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, यावरून त्या व्यवस्थेचे महत्त्व लक्षात यावे. या जीवनाचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. गाळ्यातील गर्दी व अनारोग्य सर्वश्रुत आहे, शिवाय गाळ्याचे दार जात व गाव पाहूनच उघडत असे. तथापि निवारा, परिचित अन्न आणि माहितगार माणूस या तीन गोष्टी नवागताला पहिल्याच दिवशी मिळत. परदेशी विद्यार्थ्याला गाव नसते, म्हणून गाळाही नसतो. ही उणीव भरून काढण्याची जबाबदारी ओघानेच महाविद्यालयाकडे येते.

परदेशी गेलेले दोन मराठी विद्यार्थी

परदेशी विद्यार्थ्याची स्थिती समजून घेण्यास मराठी वाचकाला आपल्याच इतिहासातील दोन उदाहरणे उपयोगी पडतात. परळच्या चाळीत वाढलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर जुलै १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. प्रथम ते हार्टली हॉल या वसतिगृहात उतरले. तेथील अन्न न मानवल्याने ते भारतीय विद्यार्थी राहत असलेल्या कॉस्मोपॉलिटन क्लबमध्ये गेले व नंतर नवल भथेना यांच्यासमवेत लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये राहिले. भथेना यांच्याशी जुळलेला स्नेह पुढेही टिकला. विद्यार्थ्याला मानवेल असे ठिकाण सापडेपर्यंत जागा बदलावी लागते, ही गोष्ट यातून दिसते.

आनंदीबाई जोशी यांना जून १८८३ मध्ये अमेरिकेत पोहोचल्यावर न्यू जर्सीतील रोसेल येथे थिओडोशिया कार्पेंटर यांच्या घरी आपुलकीचा आधार मिळाला. पत्रव्यवहारातून हा स्नेह आधीच जुळला होता. परंतु पुढे फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना थंडी, शाकाहाराची अडचण व अभ्यासाचा ताण यांत त्यांची प्रकृती खालावत गेली. १८८६ मध्ये त्यांनी पदवी मिळविली आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षेही पूर्ण होण्याआधी, क्षयाने त्यांचे निधन झाले. आरंभीचे उत्तम स्वागत पुढील काळजीची जागा घेऊ शकत नाही, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

समायोजनाचा कालक्रम

हीच बाब समाजशास्त्रीय अभ्यासांतही चर्चिली गेली आहे. नॉर्वेचे स्वेर्रे लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये अमेरिकेत राहून आलेल्या नॉर्वेजियन अभ्यासकांच्या मुलाखतींवरून असे मांडले की, आरंभी उत्साह असतो, सुमारे सहा ते अठरा महिन्यांच्या काळात समायोजन सर्वांत कठीण जाते व नंतर ते पुन्हा सुधारते. कोलीन वॉर्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये न्यूझीलंडमधील जपानी विद्यार्थ्यांच्या अभ्यासाआधारे या मताला आक्षेप घेतला. त्यांना सर्वाधिक ताण अगदी आगमनाच्या वेळीच आढळला. दोन्ही मते लक्षात घेता एक दिवसाचा स्वागत समारंभ अपुरा ठरतो. पहिले काही आठवडे आणि पहिल्या सत्रानंतरचा काळ, अशा दोन्ही वेळी विद्यार्थ्याची विचारपूस व्हावयास हवी.

आजच्या अडचणी

पहिली अडचण कागदपत्रांची. आप्रवास व परदेशी नागरिक अधिनियम, २०२५ हा १ सप्टेंबर २०२५ पासून अमलात आला व १९३९ आणि १९४६ चे जुने कायदे रद्द झाले. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याने सर्वसाधारणपणे १४ दिवसांच्या आत नोंदणी करावयाची असते. परदेशी व्यक्तीस ठेवून घेणाऱ्याने व शिक्षणसंस्थेनेही माहिती कळवावयाची असते. घरमालकाला परदेशी भाडेकरूविषयीच्या या जबाबदाऱ्यांची धास्ती वाटते. पत्ता निश्चित नसला तर नोंदणी अडते आणि नोंदणी नसली तर बँक खाते व मोबाइल जोडणी रखडते. हे चक्र महाविद्यालयाचे वेळेवर दिलेले एक पत्रच मोडू शकते.

दुसरी अडचण निवासाची. भायखळ्यात जुन्या पागडीच्या चाळी व नवे उत्तुंग मनोरे शेजारी शेजारी उभे आहेत. विद्यार्थ्याच्या ऐपतीची मधली जागा दुर्मिळ आहे. त्यातच आहार, धर्म वा वर्ण पाहून नकार मिळतो. मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडा येथे नायजेरियन विद्यार्थ्यांवर जमावाने हल्ले केले होते. पूर्वग्रह कोणत्या थराला जाऊ शकतो, याची ती नोंद आहे. म्हणून वसतिगृहाची सोय नसलेल्या संस्थेने विश्वासू घरमालकांची यादी ठेवणे अगत्याचे आहे.

तिसरी अडचण भाषेची. व्याख्यान इंग्रजीत असले तरी रुग्णालयातील रुग्ण, बसवाहक व भाजीवाली यांची भाषा मराठी, हिंदी वा उर्दू असते. वैद्यकीय विद्यार्थ्याच्या बाबतीत तर हा शिक्षणाचाच भाग आहे, ‘कुठे दुखतंय?’ हे विचारता न येणारा विद्यार्थी खाटेजवळ केवळ प्रेक्षक उरतो. पहिल्या सत्रात आठवड्यातून दोन तास व्यवहारोपयोगी मराठीसाठी दिल्यास ही दरी बरीच कमी होईल.

चौथी अडचण वाहतूक व पावसाची. भायखळा स्थानकातील दर्शकावर जलद-धीमी खूण, डब्यांची संख्या व उरलेली मिनिटे दिसतात. पण त्यांचा अर्थ कोणीतरी एकदा सांगावा लागतो. शैक्षणिक वर्षाचा आरंभ नेमका पावसाळ्यात होतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पाऊस झाला व शहर ठप्प झाले. मुसळधार पावसात गाड्या थांबल्यास कोठे थांबावे व कोणाला दूरध्वनी करावा, हे मुंबईकराला सवयीने कळते. नवागताला ते लेखी द्यावे लागते.

महाविद्यालयाने करावयाच्या गोष्टी

वरील विवेचनावरून पुढील बाबी सुचविता येतील : आगमनापूर्वीच पत्रव्यवहार करणारा एक निश्चित प्राध्यापक, पहिल्या पंधरवड्यासाठी तात्पुरता निवारा, नोंदणी, बँक व दूरध्वनी यांसाठी लागणारी पत्रे एकाच वेळी देण्याची पद्धत, वरच्या वर्गातील एक स्थानिक व शक्य असल्यास एक परदेशी विद्यार्थी सोबती म्हणून, आणि पहिल्या सत्राच्या अखेरीस आवर्जून घेतलेली भेट. यांपैकी बहुतेक गोष्टींना मोठा निधी लागत नाही. नेमून दिलेले माणूस व राखून ठेवलेला वेळ लागतो.

समारोप

परदेशी विद्यार्थी वर्गात गप्प बसतो वा वारंवार गैरहजर राहतो, तेव्हा त्याचे कारण त्याच्या स्वभावात किंवा कुवतीत शोधण्याकडे शिक्षकांचा कल असतो. प्रत्यक्षात त्याचे कारण अनेकदा भाड्याच्या खोलीत, न मिळालेल्या पत्रात वा न मानवलेल्या जेवणात असते. हजेरीपटावरील अनुपस्थितीच्या खुणेवरून विद्यार्थ्याविषयी मत बनविण्यापूर्वी तो कोठे राहतो व काय जेवतो, एवढे शिक्षकाने विचारून घेणे आवश्यक आहे.