ऊन आपले, पाणी आपले, हायड्रोजन कोणाचा?

नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत काम शोधणारी आपली मुले हल्ली आम्हाला विचारतात, हे ‘हरित हायड्रोजन’ काय प्रकरण आहे? प्रश्न रास्त आहे. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये त्यासाठी १९,७४४ कोटी रुपयांचे अभियान मंजूर केले आणि त्याच वर्षी महाराष्ट्राचे धोरणही आले.

हायड्रोजन जळाला की धूर नाही, नुसते पाणी तयार होते. पण आज तो प्रामुख्याने नैसर्गिक वायूपासून काढतात आणि त्यात भरपूर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. मग तो थेट पाण्यातून, थेट उन्हाने का काढू नये?

१९७२ मध्ये फुजिशिमा आणि होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी हे शक्य असल्याचे दाखवले. त्यांनी वापरलेला टायटॅनियम डायऑक्साइड म्हणजे आपल्या भिंतीच्या पांढऱ्या रंगातलाच पदार्थ. त्यावर प्रकाश पडला की आतला इलेक्ट्रॉन उसळतो आणि मागे रिकामी जागा राहते. इलेक्ट्रॉन पृष्ठभागावर पोहोचला तर पाण्यातून हायड्रोजन सुटतो. त्या रिकाम्या जागेमुळे ऑक्सिजन. वाटेतच दोघे पुन्हा भेटले, तर हाती फक्त उष्णता. इथेच नॅनो कण उपयोगी पडतो. कण इतका बारीक, की पृष्ठभाग दोन पावलांवर. शिवाय तेवढ्याच वजनात पाण्याला भिडणारी जागा कितीतरी जास्त.

अडचण अशी, की हा पदार्थ फक्त अतिनील किरण पकडतो आणि उन्हात ते जेमतेम चार-पाच टक्के. म्हणून साधा प्रकाशही पकडणारे पदार्थ शोधले जात आहेत; पुण्यात सी-मेट या सरकारी संस्थेतही हे काम झाले आहे. जपानने २०२१ मध्ये १०० चौरस मीटरचे पॅनेल उन्हात चालवून दाखवले. कार्यक्षमता मिळाली ०.७६ टक्के. म्हणजे अजून बराच पल्ला आहे. उद्या कोणी ‘नॅनो हायड्रोजन’च्या नावाने गुंतवणूक मागितली, तर हा आकडा त्याच्यासमोर ठेवा.

सध्या प्रकल्प येतील ते सौरविजेने पाणी फोडणारे. एका किलोला पन्नासहून जास्त युनिट वीज आणि किमान नऊ लिटर शुद्ध पाणी. वीज म्हणजे जमीन. आपल्याच शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणच्या धर्मा पाटलांनी वीज प्रकल्पात गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी २०१८ मध्ये मंत्रालयात विष घेतले. त्यांच्या नावावर सातबारा तरी होता. आपल्या वस्त्यांतले बहुतेक जण दुसऱ्याच्या शेतात राबतात.

२०१३ चा भूसंपादन कायदा तीन वर्षे तिथेच काम करून पोट भरणाऱ्या भूमिहीन शेतमजुराच्या कुटुंबालाही ‘बाधित कुटुंब’ मानतो. मात्र कंपनीने जमीन भाडेपट्ट्याने घेतली, तर ते संपादन ठरत नाही आणि मजुराचा हा हक्क लागू होत नाही. त्यामुळे ग्रामसभेत पहिला प्रश्न हाच विचारा: जमीन संपादित होणार, की भाडेपट्ट्याने जाणार?