सेकंदाला चोवीस लाख, वाट सहा मिलिमीटरची

नागपुरात सिकलसेल कुणाला समजावून सांगावा लागत नाही. शुक्ला आणि सोळंकी यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातल्या सिकलसेलवर लिहिलं, तेव्हापासून विदर्भ या आजाराच्या नकाशावर आहे. हातापायांचं ठणकणं सगळ्यांना माहीत असतं. पित्ताच्या खड्यांचा हिशेब मात्र क्वचितच कुणी मांडतं.

निरोगी माणसाच्या अंगात सुमारे २५ लाख कोटी तांबड्या पेशी असतात, एकेकीचं आयुष्य १२० दिवसांचं. म्हणजे सेकंदाला २४ लाख पेशी मोडीत निघतात आणि तेवढ्याच नव्या येतात. हे वाक्य वाचून होईस्तोवर कोटभर गेल्यासुद्धा! प्रत्येक पेशीत हिमोग्लोबिनचे २७ कोटी रेणू. त्यांच्या मोडीतून निघालेलं पिवळं बिलिरुबिन, रोज जवळपास पाव ग्रॅम, यकृत पित्तातून बाहेर टाकतं. सिकलसेलमध्ये पेशी जेमतेम १० ते २० दिवस टिकते. रक्तात पेशी निम्म्याच धरल्या तरी रोजची मोड तिप्पट ते सहापट. कारण एवढंच, की हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या १४६ अमिनो आम्लांपैकी सहाव्या जागेवरचं एक बदललेलं असतं.

एवढा माल जायचा कुठून? मुख्य पित्तनलिकेतून, जिची रुंदी सहा मिलिमीटरच्या आसपास. जास्तीचं बिलिरुबिन पित्ताशयात साचून त्याचे खडे होतात. मिरीच्या दाण्याएवढा असा काळा खडा नलिकेत अडकला की कावीळ, थंडी वाजून ताप.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० साली दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. देशातलं ते पहिलं. चार भोकं, सगळी मिळून तीनेक सेंटिमीटर. नलिकेतला खडा बहुधा तोंडावाटे एंडोस्कोप घालून निघतो. खडे यकृताच्या आतल्या फांद्यांत रुतून तो भाग निकामी झाला, तर तेवढा तुकडाच कापावा लागतो. आता तेही दुर्बिणीतून होतं.

खरी कसोटी इथं लागते. यकृतातून मिनिटाला दीड लिटर रक्त वाहतं, दिवसाला दोन हजार लिटरच्या वर. कापताना ते आवरायला ग्लासगोच्या प्रिंगल यांनी १९०८ साली सांगितलेली युक्ती अजून चालते: येणारा प्रवाह दाबून धरायचा, साधारण पंधरा मिनिटं धरून पाच मिनिटं सोडायचा. शिवाय सलाईनही हात राखून. सिकलसेलच्या पेशीला नेमकं हेच सोसत नाही. ऑक्सिजन कमी पडला, पाणी आटलं, अंग गार झालं की ती विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबवते. त्यात दुर्बिणीसाठी पोटात कार्बन डायऑक्साइड भरलेला. त्यामुळं भूलतज्ज्ञाचं काम सर्जनइतकंच नाजूक. गरज पडल्यास आधी रक्त देऊन हिमोग्लोबिन दहाच्या आसपास आणायचं, सलाईन लावून ठेवायची, अंग उबदार राखायचं.

‘एवढ्याशा भोकांच्या ऑपरेशनला आदल्या दिवशीच कशाला भरती करता?’ असं नातेवाईक विचारतात. भरती करायची ती यासाठी.