दुधीचे बी घरातच धरा

श्रावण-भाद्रपदात शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या गावांत फिरलात तर अंगणाच्या मांडवावर, कुडावर, कधी संडासाच्या पत्र्यावरसुद्धा वेल चढलेले दिसतात. दुधी, दोडका, काकडी, घोसाळे, कारले. बायका भेटल्या की बोलणे तिकडेच वळते. कुणाचा दुधी फुलतो पण धरत नाही, कुणाच्या काकडीत अळ्या निघतात. अळ्यांवर उपाय साधा आहे. फळ बोटाएवढे असतानाच त्याला कागद गुंडाळायचा आणि खाली पडलेली किडकी फळे खोल पुरून टाकायची, म्हणजे फळमाशी वाढत नाही. असे उपाय एका अंगणातून दुसऱ्या अंगणात सहज जातात. पण बी कुठले, असे विचारले की आता बहुतेक घरांत एकच उत्तर मिळते: बाजारातली पुडी.

पुडीला माझा विरोध नाही. मात्र तिच्यावर संकरित किंवा एफ-1 लिहिलेले असेल, तर त्या फळाचे बी पुढच्या वर्षी पेरून तसाच दुधी मिळेल याची खात्री नसते. म्हणजे दर मिरगाला पुन्हा दुकान. घरचे वाण आईकडून लेकीकडे, सासूकडून सुनेकडे जायचे. एका पावसाळ्यात बी धरायचे राहिले की ते त्या घरातून गेले, आणि दुसऱ्या कुणाला दिलेले नसेल तर कायमचेच गेले. दुकानात ते मिळत नाही.

सह्याद्री ओलांडला की शहापूरला लागूनच अकोले तालुका आहे. तिथल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावरान वाल, भाज्या आणि भाताचे वाण गोळा करून घरात बियाणे बँक उभी केली. पुढे ‘बायफ’ संस्थेची साथ मिळाली आणि 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी केले ते आपल्या आजी-नानींना परके नव्हते. बी राखायचे आणि मागेल त्याला द्यायचे, एवढेच. 2001 च्या कायद्यानेही शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा आणि देवाणघेवाण करण्याचा हक्क दिला आहे.

दुधीपासून सुरुवात करावी असे मला वाटते, आणि त्याला कारण आहे. हजरत अनस (रजि.) सांगतात की एका शिंप्याने प्रेषित (स.) यांना जेवायला बोलावले होते. त्या जेवणात प्रेषित (स.) भांड्यातून दुधीचे तुकडे शोधून खात होते. तेव्हापासून अनस (रजि.) यांनाही दुधी आवडू लागला. आपल्याकडे मात्र दुधी म्हटले की मुले ताटावरून उठतात, ही गोष्ट वेगळी!

आता धरण्याची रीत. वेलावर दोन प्रकारची फुले येतात. मादी फुलाच्या मागे इवलासा दुधी असतो, नर फूल नुसत्या लांब देठावर असते. दुधी आणि दोडक्याची फुले संध्याकाळी उमलतात. काकडी, भोपळा, कारले यांची सकाळी. म्हणून दुधीचे काम मगरिबच्या सुमारास आणि काकडीचे फजरनंतर. असरच्या वेळी, त्या संध्याकाळी उमलणाऱ्या एका नर आणि एका मादी कळीचे तोंड दोऱ्याने हलके बांधून ठेवा. अंधार पडता पडता दोन्ही सोडा, नर फूल खुडून त्याचा पराग मादी फुलाच्या मधल्या भागावर लावा आणि मादी फूल पुन्हा बांधा. देठाला रंगीत दोरा बांधला की घरातले कुणी तो दुधी भाजीला तोडणार नाही. ज्यांचा दुधी धरत नाही त्यांनाही हाच उपाय.

इतके बांधाबांधीचे कारण म्हणजे किडे आणि पतंग एका वेलाचा पराग दुसऱ्यावर नेतात. जवळपास कडू दुधीचा वेल असेल तर बी बिघडते. ज्या वेलाचे फळ कडू लागले त्याचे बी कधीच धरू नका. कडू दुधी खाऊही नका, रस तर मुळीच पिऊ नका. त्याने उलट्या-जुलाब होऊन जिवावर बेतते.

राखलेला दुधी वेलावरच साल टणक होऊन वाळू द्या. हलवल्यावर आत बी खुळखुळले की फोडा. बी सावलीत वाळवा, चुलीच्या थंड राखेत घोळवून कोरड्या बरणीत भरा.

पाण्याचे काय? तानसा आणि भातसा आपल्याच शहापुरात, पाणी मुंबईला, आणि एप्रिल-मेमध्ये इथल्या पाड्यांवर टँकर. पावसाळी वेलाला ही अडचण कमी. उन्हाळ्यात एखादा वेल जगवायचा असेल तर वुजूचे पाणी आळ्यात सोडा. त्यात साबण नसतो.

लावलेल्या झाडाचे माणसाने, पाखराने, जनावराने खाल्ले तरी लावणाऱ्याला सदक्याचे पुण्य मिळते, असे हदीसमध्ये आले आहे. एका दुधीत शेकड्यांनी बी निघते आणि घराला पाच-सहा पुरते. उरलेले पुड्या बांधून मोहल्ल्यात, शेजारच्या पाड्यावर, माहेरी द्या. पुडीवर वाणाचे नाव, गाव आणि वर्ष लिहा. उर्दूत लिहा की मराठीत, घेणारीला वाचता आले म्हणजे झाले.